वास गावाला, अधिकार राजधानीला

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील आयोवा या कृषिप्रधान राज्याची लोकसंख्या आहे जेमतेम ३२ लाख. त्याच राज्यातील डुकरांची संख्या मात्र सव्वादोन ते अडीच कोटींच्या घरात असते. म्हणजे माणशी सात डुकरे! अमेरिकेतील एकूण डुकरांपैकी जवळपास एक तृतीयांश एकट्या या राज्यात पोसली जातात. पूर्वीसारखी ती शेतात मोकळी हिंडत नाहीत. लांबलचक, बंदिस्त शेडमध्ये, फटी असलेल्या काँक्रीटच्या जमिनीवर ती वाढतात. त्या फटींतून पडणारे मलमूत्र खालच्या खोल टाकीत साठत राहते आणि वर्षातून एक-दोनदा ते उपसून आसपासच्या मक्याच्या शेतांत खत म्हणून टाकले जाते.

अशी शेड आपल्या शिवारात उभी राहावी की नाही, राहिली तर वस्तीपासून किती अंतरावर राहावी आणि त्यात किती जनावरे असावीत, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? गावाचा, जिल्ह्याचा की राज्याच्या राजधानीचा? या एका प्रश्नावर आयोवात गेली तीस वर्षे विधिमंडळ, न्यायालये आणि कौंटी प्रशासन यांच्यात संघर्ष चालला आहे. कौंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्हा परिषदेसारखी स्थानिक स्वराज्य संस्था. या संघर्षात प्रत्येक निर्णायक वळणावर कौंटीचा पराभव झाला. हा पराभव कसा झाला, हे समजून घेणे महाराष्ट्रालाही उपयोगाचे आहे. कारण बंदिस्त, कंत्राटी आणि मोठ्या प्रमाणावरील पशुपालन आपल्याकडे कोंबड्यांच्या रूपाने केव्हाच येऊन पोहोचले आहे.

साठ हजारांवरून सहा हजारांकडे

हा वाद मुळात कशामुळे निर्माण झाला, हे आधी पाहिले पाहिजे. १९८०च्या सुमारास आयोवात डुकरे पाळणारे साठ हजारांहून अधिक शेतकरी होते. मका पिकवावा, काही डुकरे पाळावीत, मका डुकरांना घालावा, डुकरांचे खत मक्याला द्यावे, अशी ही शेतीची घडी होती. २००२पर्यंत हे शेतकरी दहा हजारांच्या आसपास उरले. २०१७च्या कृषिगणनेत तर ही संख्या सहा हजारांच्याही खाली गेली. डुकरे मात्र कमी झाली नाहीत, उलट वाढली. म्हणजे तेवढीच किंवा अधिक जनावरे दहा टक्के शेतकऱ्यांच्या हाती एकवटली.

या एकवटण्यामागे कंत्राटी पद्धत होती. पिले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषधे कंपनीची आणि तयार झालेले जनावरही कंपनीचेच. शेतकऱ्याने कर्ज काढून शेड बांधायची, जनावरे सांभाळायची आणि ठरलेला मोबदला घ्यायचा. या व्यवस्थेत शेतकऱ्याच्या मालकीच्या दोनच गोष्टी उरतात : शेडवरचे कर्ज आणि टाकीतले मलमूत्र. साहजिकच दुर्गंधी, माश्या आणि दूषित पाणी यांचा जाब विचारायचा तर शेजाऱ्याने शेजाऱ्यालाच विचारायचा, अशी परिस्थिती निर्माण झाली. कंपनीचे मुख्यालय मात्र वाऱ्याच्या टप्प्याबाहेर असते.

अडीच हजार डुकरांची एक शेड हे या व्यवसायाचे साधारण परिमाण बनले. या एका शेडमधील मलमूत्र एखाद्या लहान शहराच्या सांडपाण्याशी स्पर्धा करते. फरक एवढाच की, शहराला सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारावे लागते. शेडला तशी सक्ती नाही.

कौंटीचे हात कसे बांधले गेले

आयोवात ९९ कौंट्या आहेत. भूवापराचे नियम करून कोठे कारखाना, कोठे वस्ती, कोठे दुकाने हे ठरवण्याचा अधिकार कौंट्यांना १९४७च्या कायद्याने मिळाला. त्या कायद्यातच एक अपवाद होता. शेतीसाठी वापरली जाणारी जमीन आणि शेतीच्या इमारती यांना हे नियम लागू होणार नव्हते. १९४७ साली हा अपवाद रास्त होता. शेतकऱ्याने गोठा बांधायचा तर त्यासाठी सरकारी कचेरीचे उंबरठे का झिजवावेत, हा विचार त्यामागे होता. पण पन्नास वर्षांनंतर त्याच शब्दांच्या आडोशाला हजारो जनावरांच्या शेड उभ्या राहिल्या. डुकरांची बंदिस्त शेड ही शेतीच आहे, त्यामुळे तिला भूवापराचे नियम लागू होत नाहीत, असा निर्वाळा आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कॅस कौंटीच्या खटल्यात दिला. शब्द जुनाच राहिला, त्यामागची वस्तू मात्र पार बदलून गेली. या साऱ्या वादाचे मूळ या विसंगतीत आहे.

भूवापराचा मार्ग बंद झाल्यावर हम्बोल्ट कौंटीने त्याच वर्षी दुसरा मार्ग शोधला. तिने चार स्वतंत्र आदेश काढले. मोठ्या शेडसाठी कौंटीचा परवाना घ्यावा, शेड बंद पडल्यास सफाईच्या खर्चाची आर्थिक हमी द्यावी, भूजलाचे रक्षण करावे आणि विषारी वायूंवर मर्यादा पाळावी, असे त्यांचे स्वरूप होते. पशुपालकांनी या आदेशांना आव्हान दिले. १९९८च्या मार्च महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चारही आदेश रद्द केले. राज्याने या विषयावर कायदा केलेला असताना कौंटीचे नियम त्याच्याशी विसंगत ठरतात, असे न्यायालयाचे म्हणणे होते. राज्य विधिमंडळ एवढ्यावर थांबले नाही. त्याच वर्षी त्याने कायद्यात स्पष्ट तरतूद केली की, राज्याने परवानगी दिल्याखेरीज कौंटीला पशुपालन केंद्रांविषयी कोणताही नियम करता येणार नाही.

तरीही वर्थ कौंटीने २००१ साली सार्वजनिक आरोग्याच्या अधिकाराचा आधार घेऊन आणखी एक प्रयत्न करून पाहिला. कौंटीला नागरिकांच्या आरोग्याचे रक्षण करण्याचा अधिकार आहे, तेव्हा हवा आणि पाणी बिघडवणाऱ्या केंद्रांवर त्या अधिकाराखाली नियंत्रण आणता येईल, असा तिचा युक्तिवाद होता. २००४ साली हा आदेशही न्यायालयात टिकला नाही. भूवापर, स्वतंत्र परवाना आणि आरोग्य हे तिन्ही मार्ग अशा रीतीने आठ वर्षांत बंद झाले.

८८० गुणांची परीक्षा

लोकांचा असंतोष मात्र शमत नव्हता. तेव्हा विधिमंडळाने २००२ साली एक तडजोड काढली. तिचे नाव 'मास्टर मॅट्रिक्स'. ही एक प्रकारची गुणपत्रिकाच आहे. एक हजार 'पशु-एकक' किंवा त्याहून मोठ्या शेडसाठी, म्हणजे पूर्ण वाढीच्या अडीच हजार डुकरांपासून पुढे, अर्जदाराने ४४ प्रश्नांच्या तक्त्यावर स्वतःला गुण द्यायचे. एकूण गुण ८८०. उत्तीर्ण होण्यासाठी ४४० हवेत, शिवाय हवा, पाणी आणि समाजावरील परिणाम या तिन्ही विभागांत किमान २५ टक्के. शेजारचे घर, शाळा किंवा ओढा किमान अंतरापेक्षा अधिक लांब असेल तर गुण, टाकी झाकलेली असेल तर गुण, मलमूत्र जमिनीत खोलवर टाकले जाणार असेल तर गुण, असा हा हिशेब आहे.

कौंटीने हा अर्ज तपासायचा, जागेची पाहणी करायची, जनसुनावणी घ्यायची आणि राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाकडे शिफारस पाठवायची. मात्र त्यासाठीही कौंटीने दरवर्षी जानेवारीत तसा ठराव करायला हवा. बहुतेक कौंट्या तो न चुकता करतात. इथपर्यंत सारे लोकशाहीला साजेसे वाटते. मेख पुढे आहे. अर्जदाराला आवश्यक गुण मिळत असतील आणि बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर कौंटीने नकाराची शिफारस केली तरी राज्य परवाना देते. सुनावणीला शेकडो माणसे आली, गावातील प्रत्येकाने विरोध केला, तरी त्या विरोधाला ८८०पैकी एकही गुण नाही.

शिवाय ही परीक्षा अवघड नाही. पन्नास टक्क्यांना उत्तीर्ण करणारी, त्यातही कोणते प्रश्न सोडवायचे आणि कोणते सोडून द्यायचे याची मुभा असणारी ही परीक्षा आहे. जागा जरा इकडे-तिकडे सरकवून आणि मलमूत्र जमिनीत खोलवर टाकण्याचे आश्वासन देऊन गुण भरून काढता येतात. परीक्षा अधिक कडक करावी, अशी मागणी नागरिक संघटनांनी २०१७ साली राज्याच्या पर्यावरण आयोगाकडे केली. आयोगाने ती फेटाळली. अनेक कौंट्यांनी स्वतःच्या पर्यवेक्षक मंडळांत ठराव करून अधिक अधिकार मागितले. विधिमंडळाने त्यांची दखल घेतली नाही.

त्याहून मोठी पळवाट संख्येची आहे. परीक्षा अडीच हजारांना लागू होते, म्हणून २,४९९ डुकरांची शेड बांधायची. मग गुणपत्रिका नाही आणि कौंटीची शिफारसही नाही. १,२५० डुकरांच्या आत राहिले तर वस्तीपासूनच्या अंतराचीही सक्ती उरत नाही. दोन वेगळ्या नावांनी नोंदलेल्या दोन शेड एकाच रस्त्यावर ठरावीक अंतर सोडून उभ्या राहू शकतात. कायद्याच्या दृष्टीने ती दोन लहान केंद्रे ठरतात. त्यांच्या मध्ये राहणाऱ्या कुटुंबाच्या नाकाला मात्र हा भेद कळत नाही.

न्यायालयाचा दरवाजा

स्थानिक संस्था हतबल झाली की सामान्य माणूस न्यायालयाकडे पाहतो. शेजाऱ्याच्या उपद्रवामुळे स्वतःच्या घरात सुखाने राहता येत नसेल, तर नुकसानभरपाई मागण्याचा अधिकार हा इंग्रजी परंपरेतील फार जुना अधिकार आहे. आयोवाच्या विधिमंडळाने १९९५च्या कायद्याने पशुपालन केंद्रांना अशा दाव्यांपासून संरक्षण दिले. येथे मात्र न्यायालयाने काही काळ नागरिकांची बाजू उचलून धरली. कोसुथ कौंटीच्या खटल्यात १९९८ साली न्यायालयाने असा निर्णय दिला की, शेजाऱ्याला दुर्गंधी सोसायला लावणारे संरक्षण म्हणजे मोबदला न देता त्याच्या मालमत्तेतील हक्क काढून घेणे होय. हा निर्णय शेतीक्षेत्राला संरक्षण देणाऱ्या एका वेगळ्या, जुन्या कायद्याविषयी होता. त्याच तत्त्वावर २००४ साली १९९५च्या कायद्यातील संरक्षणालाही न्यायालयाने कात्री लावली. परंतु २०२२च्या जून महिन्यात त्याच न्यायालयाने २००४चा निर्णय फिरवला आणि पशुपालन केंद्रांचे संरक्षण पुन्हा बळकट झाले. नियम करण्याचा अधिकार कौंटीकडून आधीच गेला होता. दाद मागण्याचा नागरिकाचा मार्गही आता अरुंद झाला.

याचे परिणाम केवळ शेडच्या शेजारी राहणाऱ्यांपुरते मर्यादित नाहीत. राजधानी डे मॉईन शहराला पाणी पुरवणाऱ्या रॅकून आणि डे मॉईन या नद्यांत रासायनिक खते आणि जनावरांचे मलमूत्र यांमुळे नायट्रेट वाढते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम ही अमेरिकेतील कायदेशीर मर्यादा. ती पाळण्यासाठी शहराच्या पाणीपुरवठा संस्थेला १९९०च्या दशकापासून नायट्रेट काढण्याची खर्चिक यंत्रणा चालवावी लागते. या संस्थेने २०१५ साली नदीच्या वरच्या अंगाकडील तीन कौंट्यांतील निचरा मंडळांवर दावा लावला. २०१७ साली तो फेटाळला गेला. २०२५च्या जूनमध्ये नायट्रेट इतके वाढले की, त्या परिसरातील सुमारे सहा लाख ग्राहकांना बागेला पाणी घालण्यास बंदी करावी लागली. ग्रामीण भागात न रोखलेले प्रदूषण अशा रीतीने शहरवासीयांच्या पाणीपट्टीत उतरते. हा प्रश्न खेड्यापुरता आहे, असे मानणाऱ्या शहरी वाचकाने एवढे तरी ध्यानात घ्यावे.

कॅरोलिनाचा उशीर, मिसुरीची घाई

आयोवा अपवाद नाही. नॉर्थ कॅरोलिना राज्याने १९९१ साली मोठ्या वराहपालन केंद्रांना कौंटीच्या भूवापर नियमांतून सूट दिली. त्या विधिमंडळातील एक प्रभावी सदस्य वेंडेल मर्फी हे स्वतःच राज्यातील सर्वांत मोठ्या वराहपालन उद्योगाचे मालक होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पंचवीस लाखांच्या आसपास असलेली राज्यातील डुकरांची संख्या १९९७पर्यंत एक कोटीच्या घरात गेली. तेथे मलमूत्र उघड्या तळ्यांत साठवण्याची पद्धत आहे. १९९५ साली असे एक तळे फुटले आणि सुमारे साडेनऊ कोटी लिटर घाण न्यू नदीत गेली. या उद्योगाच्या राजकीय लागेबांध्यांवर लेखमाला प्रसिद्ध करणाऱ्या 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर' या स्थानिक दैनिकाला १९९६चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

जनमत खवळल्यावर १९९७ साली विधिमंडळाने नव्या केंद्रांवर तात्पुरती बंदी घातली आणि मोठ्या केंद्रांबाबत भूवापराचे नियम करण्याचा अधिकार कौंट्यांना परत दिला. २००७ साली नव्या मलमूत्र तळ्यांवरील बंदी कायम करण्यात आली. पण तोवर हजारो तळी खणून झाली होती आणि ती तशीच राहिली. सप्टेंबर १९९९मधील 'फ्लॉइड' आणि सप्टेंबर २०१८मधील 'फ्लॉरेन्स' या चक्रीवादळांच्या पुरात त्यांतील घाण पुन्हा वाहिली. शेजाऱ्यांनी लावलेल्या दाव्यांत २०१८ आणि २०१९ साली ज्यूरींनी एकामागून एक भरपाईचे निकाल दिले, तेव्हा विधिमंडळाने अशा दाव्यांवरच निर्बंध आणले. कौंटीला अधिकार मिळाला. पण घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप लावण्यासारखाच तो प्रकार ठरला.

मिसुरी राज्यातील कौंट्यांकडे आरोग्यविषयक आदेश काढण्याचा अधिकार होता आणि सुमारे वीस कौंट्यांनी तो वापरलाही होता. २०१९ साली राज्याने कायदा करून सांगितले की, शेतीविषयक आरोग्य आदेश राज्याच्या नियमांपेक्षा कडक असता कामा नयेत. कौंट्या न्यायालयात गेल्या. २०२३च्या मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. कॅरोलिनाने अधिकार उशिरा दिला, मिसुरीने तो घाईने काढून घेतला. गावाच्या पदरात दोन्हीकडे सारखेच पडले.

दुसरी बाजू

राज्यांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ आहे, असे मात्र नाही. ९९ कौंट्यांत ९९ प्रकारचे नियम झाले तर कोणताही शेतकरी किंवा बँक दीर्घकाळाची गुंतवणूक कशाच्या भरवशावर करणार? प्रदूषणाचे मोजमाप शास्त्रीय असावे, सुनावणीतील आरडाओरड्यावर ते ठरू नये, ही भूमिकाही रास्त आहे. मांस आणि अंडी सर्वांना हवी असतात. शेड मात्र कोणालाच आपल्या शेजारी नको असते. प्रत्येक गावाला नकाराचा अधिकार दिला, तर उद्योग सर्वांत दुबळ्या, सर्वांत गरीब आणि संघटित आवाज नसलेल्या गावाकडे सरकेल, ही भीतीही निराधार नाही. नॉर्थ कॅरोलिनात ही केंद्रे प्रामुख्याने राज्याच्या पूर्व भागातील गरीब आणि कृष्णवर्णीय वस्तीच्या आसपास एकवटली, हे विसरून चालणार नाही.

शिवाय स्थानिक सत्ता म्हणजे नेहमीच विरोध असेही नाही. नेब्रास्का राज्यात २००३च्या कायद्यानुसार 'पशुपालनस्नेही' असा दर्जा मागण्याची सोय आहे आणि कित्येक कौंट्यांनी तो आपणहून मागून घेतला. ओस पडत चाललेल्या ग्रामीण भागात कर देणारा आणि रोजगार देणारा व्यवसाय हवाच, असे तेथील लोकप्रतिनिधींना वाटते. तो त्यांचा निर्णय आहे, आणि महत्त्व नेमके त्यालाच आहे. होकार असो वा नकार, परिणाम भोगणाऱ्यांनी तो द्यावा, एवढीच स्थानिक अधिकाराची मूळ मागणी आहे. राज्याने किमान मर्यादा ठरवावी आणि स्थानिक संस्थेला त्याहून कडक होण्याची मुभा द्यावी, हा मध्यम मार्ग उपलब्ध होता. आयोवा आणि मिसुरीने किमान मर्यादेलाच कमाल मर्यादा करून टाकले.

अकरावी अनुसूची आणि नवापूर

आता आपल्याकडे वळू. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. त्यांतील चौथा विषय आहे 'पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय आणि कुक्कुटपालन'. म्हणजे आयोवातील कौंट्या ज्या अधिकारासाठी झगडल्या, त्याचा उल्लेख आपल्या राज्यघटनेतच आहे. अर्थात 'सोपवता येतील' आणि 'सोपवले' या दोन शब्दांत मोठे अंतर असते. कोणता अधिकार किती द्यायचा, हे अखेरीस राज्याच्या विधिमंडळाच्याच हाती आहे.

२०१९च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी ४३ लाख कोंबड्या आहेत. मांसल कोंबड्यांच्या व्यवसायात कंत्राटी पद्धत रुळली आहे आणि तिचा साचा आयोवाच्या डुकरांसारखाच आहे. पिलू, खाद्य आणि औषध कंपनीचे, शेड, वीज, पाणी आणि मेहनत शेतकऱ्याची, मोबदला वजनावर. माश्या आणि दुर्गंधी यांच्या तक्रारी घेऊन ग्रामस्थ ग्रामपंचायतीकडे येतात, तेव्हा त्यांच्यासमोर उभा असतो तो गावातलाच एक कर्जबाजारी शेतकरी.

एकाच ठिकाणी अनेक मोठी केंद्रे एकवटल्यावर काय घडते, याचा धडा नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरने २००६च्या फेब्रुवारीत दिला. भारतातील 'बर्ड फ्लू'चा पहिला अधिकृत उद्रेक तेथे नोंदला गेला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, देशभर अंडी आणि चिकनचे भाव कोसळले आणि ज्यांच्याकडे एकही कोंबडी आजारी नव्हती, ते शेतकरीही बुडाले. पंधरा वर्षांनी, २०२१च्या सुरुवातीस, त्याच नवापुरात उद्रेक झाला आणि पुन्हा लाखो पक्ष्यांची विल्हेवाट लावावी लागली. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथील ग्रामसभांना १९९६च्या 'पेसा' कायद्याने अन्य गावांपेक्षा अधिक अधिकार दिले आहेत. तरीही दोन शेडमध्ये किती अंतर असावे आणि एका शिवारात किती पक्षी असावेत, हा निर्णय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर सहसा येत नाही.

नियंत्रणाचा खरा बदल आपल्याकडेही वरूनच आला. मोठी कुक्कुटपालन केंद्रे बराच काळ प्रदूषण मंडळांच्या संमतीच्या कक्षेबाहेर होती. एक लाख पक्ष्यांपर्यंत ही सवलत होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२०च्या सप्टेंबरमध्ये या सवलतीचा फेरविचार करण्याचा आदेश दिला. त्यानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्गदर्शक तत्त्वे बदलली. एका ठिकाणी ५,००० किंवा त्याहून अधिक पक्षी असणाऱ्या केंद्रांना जल आणि वायू प्रदूषण कायद्यांखाली राज्य मंडळाची संमती आवश्यक झाली आणि नव्या केंद्रांसाठी वस्तीपासून ५०० मीटर अंतराचा दंडक आला. आयोवात अडीच हजार डुकरांच्या शेडसाठी गावाबाहेरच्या घरापासून हे अंतर १,८७५ फूट, म्हणजे साधारण पावणेसहाशे मीटर आहे. कागदावर आपण फारसे मागे नाही.

प्रश्न कागदापलीकडचा आहे. आयोवात २,४९९चा आकडा जसा जन्माला आला, तसा आपल्याकडे ४,९९९चा येणार नाही, याची हमी कोण देणार? एकाच कुटुंबातील तीन भावांच्या नावावर तीन शेड असतील, तर ते 'एक ठिकाण' मानायचे की तीन? प्रदूषण मंडळाचा अधिकारी जिल्ह्याच्या गावी बसतो. रोज नाकाला वास येतो तो ग्रामस्थाच्या. त्याच्या जवळची यंत्रणा ग्रामपंचायत. तिच्या हाती मुख्यतः आहे तो 'ना हरकत दाखला'. हा दाखला कोणत्या निकषांवर द्यायचा किंवा नाकारायचा, याची सर्वमान्य चौकट नाही. परिणामी तो कधी मुकाट दिला जातो, कधी गावच्या राजकारणात अडवला जातो, तर कधी त्याचा सौदा होतो. निकष नसलेला अधिकार प्रामाणिक शेतकऱ्याला छळतो आणि बड्या गुंतवणूकदाराला मोकळे सोडतो.

घाई कोणत्या गोष्टीची?

आयोवाच्या अनुभवातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, व्याख्येची. दहा कोंबड्या पाळणारी बाई आणि एक लाख पक्ष्यांचे केंद्र या दोघांना 'शेतीपूरक व्यवसाय' या एकाच छत्रीखाली उभे केले, की छत्रीचा लाभ लाखवाल्यालाच होतो. म्हणून नियम आकारमानानुसार असावेत आणि आकारमान केवळ एका शेडचे न मोजता साऱ्या शिवाराचे मोजावे. दुसरी, अधिकाराची. किमान अंतर आणि किमान स्वच्छता राज्याने ठरवावी. त्याहून अधिक काही हवे असल्यास, लिखित कारणे देऊन, ग्रामसभेला ते ठरवता यावे. जनसुनावणी घ्यायची आणि तिला शून्य गुण द्यायचे, हा प्रकार सुनावणी न घेण्यापेक्षाही वाईट. त्यातून लोकांचा प्रक्रियेवरचा विश्वास उडतो. तिसरी, जबाबदारीची. कोंबडी कंपनीची असेल, तर विष्ठा आणि मेलेले पक्षी यांच्या विल्हेवाटीचा खर्चही करारात कंपनीच्या नावावर पडला पाहिजे. तसे झाले तर शेजारी आणि शेतकरी यांच्यातील निम्मे तंटे मिटतील.

यांपैकी काहीही करायचे तर ते आधी करावे लागते. शेड उभी राहिली, कर्ज झाले, हप्ते सुरू झाले की कोणतेही सरकार ती पाडायला धजावत नाही, आणि पाडणे न्यायाचेही ठरत नाही. नॉर्थ कॅरोलिनाची तळी त्याची साक्ष देतात. आयोवाच्या कौंट्यांना अधिकाराची जाण आली, ती शेजारी शेड आल्यावर. तोवर कायदा लिहिणारे पुढे निघून गेले होते. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींच्या बाजूने निदान राज्यघटनेतील एक ओळ आहे. त्या ओळीचा कायदा करायचा की नाही, हे मुंबईतल्या विधानभवनात ठरेल. ते ठरवताना सभागृहातील वातानुकूलित हवेत कोणताही वास नसतो, एवढे सदस्यांनी लक्षात ठेवले तरी पुरे.